फॉर्म्युल्यापुढचं कटिंग: नजरेने फर्मा बदलायला कसं शिकायचं

क्लासमध्ये किंवा आयटीआयमध्ये कटिंग शिकून जेंट्स टेलरच्या दुकानात उभं राहिलं की एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. आपल्या वहीत छातीचा चौथा भाग अधिक अमुक, मुंढा (बाही जोडायचं काखेभोवतीचं वळण) तमुक असं सगळं नीट उतरवलेलं असतं. आणि समोर मास्टर मापाच्या चिठ्ठीवर एकदा नजर टाकतो, खडू उचलतो आणि फॉर्म्युल्यात कुठेच न बसणारी रेघ मारून मोकळा होतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अंदाज आहे रे, हळूहळू येईल."

हळूहळू येतो हे खरंच आहे. पण मास्टरने ती रेघ हवेतून काढलेली नसते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढत असतानाच त्याचा उजवा खांदा खाली आहे, पाठ जरा वाकलेली आहे, पॅन्ट पोटाखाली बांधलेली आहे हे त्याने पाहून ठेवलेलं असतं. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांसाठी प्रसिद्ध रस्त्यावरचे जुने कटरही असंच नजरेने कापतात, तिकडे त्याला 'रॉक ऑफ आय' म्हणतात. फरक इतकाच की तिकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचा कागदी फर्मा (कपड्याच्या भागांचा कापलेला नमुना) जपून ठेवतात आणि आपल्याकडचे बहुतेक मास्टर थेट कपड्यावर आखतात. शिकणाऱ्याने मात्र कागदच धरावा. कागद फाटला तर दुसरा मिळतो, गिऱ्हाइकाने लग्नासाठी आणलेलं सूटिंग मिळत नाही.

साधा शर्ट, पॅन्ट आणि कोट यांची फॉर्म्युल्याने आखणी तुम्हाला येते असं धरून पुढचं लिहिलं आहे. सगळ्या लेखात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: नजरेने केलेल्या प्रत्येक बदलाला एक जोडबदल असतो. एकीकडे अर्धा इंच काढला की दुसरीकडे त्याचा हिशेब द्यावा लागतो. नवी मुलं पहिला बदल बरोबर करतात आणि दुसरा विसरतात. कपडे बिघडतात ते तिथे.

काय काय जवळ हवं

चांगली टेप (60 इंची), एल-स्केल, वळणाची पट्टी, चपटा खडू पांढरा आणि एक रंगीत, खाकी कागद, कागदासाठी वेगळी कात्री आणि कपड्यासाठी वेगळी, टाचण्या, कच्च्या टाक्यांसाठी पांढरा दोरा, दोन-तीन मीटर मांजरपाट, पूर्ण उंचीचा आरसा आणि जाड पुठ्ठ्याची मापवही. एक ओळंबाही ठेवा. गवंड्याचाच पाहिजे असं नाही, जाड दोऱ्याला नट बांधून आरशाशेजारी टांगला तरी चालतो. खांदा कुठे उतरतो, मान किती पुढे आहे हे उभ्या सरळ रेघेशेजारी लगेच कळतं.

टेप जुनी असेल तर लोखंडी पट्टीला लावून तपासा. कापडी टेप ताणली जाते आणि मग सगळी मापं गुपचूप कमी येतात.

1. आधी सरळ फर्मा, मग नजर

नजरेने बदल करायचा म्हणजे कशात तरी करायचा. म्हणून 36, 38, 40 आणि 42 छातीचे सरळ फर्मे फॉर्म्युल्याने आखा, कापा आणि खिळ्याला टांगून ठेवा. फार ताठही नाही आणि वाकलेलाही नाही, अशा सरासरी माणसाचे हे फर्मे. मांजरपाटात एक तरी शिवून बघा, म्हणजे फर्माच वाकडा नाही याची खात्री होईल. गिऱ्हाइकाचा दोष आणि फर्म्याचा दोष एकत्र आले की काहीच उलगडत नाही.

फॉर्म्युल्याला कमी लेखू नका. इंचांची टेप शिंप्यांच्या हाती आली ती एकोणिसाव्या शतकात. त्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची किंवा चामड्याची पट्टी घेऊन तिच्यावर खाचा पाडत. छातीच्या मापावरून बाकीचं शरीर काढायची रीत टेपेनंतर रुळली. रीत चांगली आहे, पण 40 छातीच्या सगळ्या माणसांना ती एकसारखं समजते. तिला माणूस दिसत नाही, तो तुम्ही बघायचा.

2. टेप काढण्याआधी माणूस बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच.

टेप अंगाला लागली की माणूस बदलतो. पोट आत जातं, छाती पुढे येते, हनुवटी वर होते. या अवतारात घेतलेल्या मापाचा शर्ट त्याला फक्त आरशासमोर बसतो. म्हणून खरं निरीक्षण तो कपड्याचे तागे चाळत असताना, मोबाइलवर बोलत असताना, बायकोला किंवा मुलाला रंग विचारत असताना करा. त्या वेळी तो जसा उभा असतो तसाच तो शर्ट घालून फिरणार आहे.

बाजूने बघा. कान, खांद्याचं टोक आणि कमरेची बाजू साधारण एका उभ्या रेघेत येतात का? कान बराच पुढे असेल तर पाठ वाकलेली. छाती पुढे आणि पाठीत खळगा असेल तर माणूस ताठ. हात शिलाईच्या रेघेवर लटकतात की मांडीच्या पुढे येतात तेही बघा, बाहीला उपयोगी पडतं.

मागून बघा. दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का? मानेपासून खांद्याचं टोक उतरतं आहे की जवळजवळ आडवं आहे? उजव्या हाताने जड काम करणाऱ्यांचा उजवा खांदा अनेकदा खाली असतो. रोज एकाच खांद्यावर बॅग घेणाऱ्यांचंही बघून घ्या.

समोरून बघायची एकच गोष्ट महत्त्वाची: बेल्ट कुठे आहे. पोटावर, बेंबीपाशी, की पोटाखाली? पॅन्टचं सगळं गणित यावर आहे.

अंगावरचा जुना शर्टही वाचा. बटणपट्टी कुठे ताणली आहे, कॉलर मानेमागे सुटली आहे का, मागची कड वर उचलली आहे का? आधीच्या शिंप्याला जे जमलं नाही ते सगळं त्या शर्टावर उमटलेलं असतं.

3. मापं घ्या, दोन जादा घ्या

नेहमीची मापं घ्याच. खिशातलं पाकीट, मोबाइल, किल्ल्या आधी काढायला सांगा. "काका, हात मोकळे सोडा, श्वास धरू नका," एवढं म्हटलं की निम्मा माणूस मूळ जागेवर येतो. आणि माप घेताना त्याच्याशी बोलत राहा. बोलणारा माणूस पोट आत धरून ठेवू शकत नाही.

जादाची दोन मापं अशी. मानेच्या मागच्या हाडापासून पाठीवरून सरळ कमरेपर्यंत, हे एक. त्याच हाडापासून खांद्यावरून पुढे येऊन छातीवरून कमरेपर्यंत, हे दुसरं. दोन्हींसाठी कमरेला आधी एक नाडी आडवी बांधून घ्या, म्हणजे टेप एकाच पातळीवर थांबेल. वाकलेल्या माणसात पाठीचं माप वाढतं आणि पुढचं घटतं, ताठ माणसात उलट. हा फरक प्रत्येक गिऱ्हाइकाचा लिहून ठेवा. काही महिन्यांत तुमच्या सरळ फर्म्याशी तुलना करून "याला अर्धा इंच लागेल" हे टेपेआधी सुचायला लागतं. ज्याला अंदाज म्हणतात तो अशाच नोंदींतून तयार होतो.

सापळा: गिऱ्हाईक नमुन्याचा शर्ट देतं आणि "याच मापाचा" म्हणतं. ते कपड्याचं माप असतं, अंगाचं नाही. त्यात ढिलेपणा आधीच धरलेला असतो. तुम्ही वर पुन्हा चार इंच धरले की शर्टाची गोणी होते. मापवहीत 'अंग' किंवा 'कपडा' असं वर लिहिल्याशिवाय एकही आकडा लिहू नका.

4. वहीत खुणा करा, मोठ्याने बोलू नका

"यांचं पोट सुटलंय, लिही" असं कारागिराला ओरडून सांगणारे मास्टर मी पाहिले आहेत. गिऱ्हाईक हसतं आणि पुढच्या वेळी येत नाही. सॅव्हिल रोवरही यासाठी आद्याक्षरांच्या खुणा आहेत, उजवा खांदा उतरलेला असेल तर 'डी.आर.एस.' एवढंच लिहायचं. आपण आपल्या खुणा कराव्यात: 'उ.खां. 4' म्हणजे उजवा खांदा चार सूत खाली, 'पा.वा.' म्हणजे पाठ वाकलेली, 'बे.खा.' म्हणजे बेल्ट पोटाखाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे नव्यांसाठी. नजरेचे बदल सुतातच लिहा. 'थोडं' असं वहीत लिहिलंत तर कारागीर त्याच्या मनाने अर्थ लावतो.

5. कागदावर बदल: एका वेळी एकच

सरळ फर्म्याची कागदावर नक्कल उतरवा, मूळ फर्म्याला कात्री लावायची नाही. मग सगळ्यात ठळक दोषापासून सुरुवात करा. वरून खाली या: आधी पाठ आणि खांदा, मग पोट, मग सीट. खांदा बदलला की खालचं बरंच आपोआप सुधारतं. पोटापासून सुरुवात केली तर तेच काम दोनदा करावं लागतं.

*उतरते खांदे.* शर्टावर मानेपासून काखेकडे तिरपे सळ पडतात. खांद्याचं टोक पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांवर अर्धा इंच खाली घ्या, मानेकडे शून्यावर आणा. आता जोडबदल: मुंढ्याचा तळही अर्धा इंच खाली. हे विसरलात तर मुंढ्याचा घेर पुढून अर्धा, मागून अर्धा, असा एक इंच घटतो. गिऱ्हाईक हात वर करतं आणि काखेत शर्ट आवळतो. दोन्ही बदल केले तर मुंढा तेवढाच राहतो, बाहीला हात लावावा लागत नाही. आडवे, उचललेले खांदे असतील तर हेच सगळं उलट.

*एकच खांदा खाली.* कपडा दुहेरी घालून वरच्या, म्हणजे जास्त खांद्याच्या मापाने कापा. नंतर दोन्ही बाजू सुट्या करून फक्त खालच्या बाजूवर रंगीत खडूने नवी रेघ मारा आणि कापा. मुंढा त्याच बाजूचा उतरेल. कोटात याहून सोपी वाट आहे: त्या खांद्याच्या पॅडला एक थर जादा द्यायचा. माझं मत विचाराल तर फरक तीन सुतांपर्यंत असेल तर पॅडच द्या. कपडा वाकडा कापून खांद्याचं वाकडेपण हुबेहूब उतरवण्यात काही शहाणपण नाही.

*वाकलेली पाठ.* खूण अशी: कॉलर मानेमागे सुटते, मागची कड वर उचलते, पुढच्या कडा खाली एकमेकींवर चढतात. मागच्या भागाला लांबी कमी पडते आहे आणि पुढच्याला जास्त होते आहे. शर्टाला योक (खांद्यावरचा वेगळा जोडलेला तुकडा) असतो ही मोठी सोय. योकखालच्या पाठीच्या तुकड्याला मध्यभागी अर्धा इंच उंची द्या आणि मुंढ्याकडे शून्यावर आणा. जोडबदल पुढे: छातीवर आडवी बारीक घडी घालून मध्याजवळ दोन-तीन सूत लांबी कमी करा, मुंढ्याकडे शून्य. आणि हात पुढे लटकत असतील तर बाही मुंढ्यात दोन ते चार सूत पुढे फिरवून बसवा, नाहीतर बाहीच्या मागे कायमचे सळ राहतात.

*पोट.* यावर जरा थांबतो, कारण चाळिशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकांत हा बदल सगळ्यात जास्त लागतो आणि सगळ्यात जास्त चुकतो.

समजा छाती 40 आणि पोट 42. पोटापाशी चार इंच ढिलेपणा धरला तर तयार घेर 46. फॉर्म्युला याचे चार सारखे भाग करतो, प्रत्येकी साडेअकरा. पण पोट काही पाठीत नसतं. पाठीला मिळालेला साडेअकराचा भाग मागे पिशवीसारखा फुगतो आणि पुढची बटणं तरीही ताणलेली राहतात. म्हणून पुढच्या भागाला पाऊण इंच द्या आणि पाठीतून तेवढाच काढा: पुढे सव्वाबारा, मागे पावणेअकरा. साडेचोवीस आणि साडेएकवीस, बेरीज 46 ची 46. माप बदललं नाही, फक्त जागेवर गेलं.

रुंदी दिली की लांबीही द्यावी लागते. पोटावरून जाणारा कपडा वळसा घेतो, म्हणून पुढची कड मध्यभागी वर उचलते. पुढच्या भागाची कड बटणपट्टीपाशी पाऊण ते एक इंच खाली उतरवा आणि बाजूच्या शिलाईकडे शून्यावर आणा. शेवटी पुढच्या आणि मागच्या बाजूची शिलाई टेपेने मोजा. वळण बदलल्यामुळे पुढची थोडी मोठी झाली असेल, ती जुळवून घ्या. बाजूच्या शिलाया, कॉलर, उंची, बाहीची लांबी ही कामं नजरेची नव्हेत, तिथे टेपच लागते.

पॅन्टीत बेल्ट पोटावर असेल तर पुढची कंबर मध्यभागी वाढवावी लागते. पोटाखाली असेल तर उलट: पुढची कंबर मध्यभागी खाली उतरवा, मागची उंच राहू द्या. कमरेचं मापही तो बेल्ट बांधतो तिथेच घ्या. नवशिके बेंबीवर माप घेतात आणि गिऱ्हाईक पॅन्ट पोटाखाली घालतं, मग ती दिवसभर घसरते.

*सीट.* सपाट असेल तर सीटखाली आडवा झोळ पडतो. मागच्या फर्म्यावर सीटच्या रेघेवर मधल्या शिलाईपासून एक पाचरीसारखी घडी घाला आणि बाजूकडे शून्यावर आणा. भरीव सीट असेल तर त्याच रेघेवर कापून तेवढंच उघडा.

6. माया कुठे जास्त सोडायची

नजरेने बदललेल्या पहिल्या कपड्याला माया (शिलाईबाहेरचा जादा कपडा) उदार हाताने सोडा. बाजूच्या शिलायांना एक इंच, पॅन्टच्या मागच्या शिलाईला कमरेपाशी दीड इंच, कोटाच्या पाठीच्या मध्याला एक इंच, खांद्यालाही नेहमीपेक्षा चार सूत जास्त. मुंढ्याच्या आणि गळ्याच्या वळणात मात्र जास्त माया ठेवून उपयोग नाही. वळणातली जाड माया कपड्याला ओढते आणि ट्रायलला नसलेले दोष दाखवते.

सुती किंवा लिनन कपडा असेल तर कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुतांचा हिशेब करायचा आणि पहिल्या धुण्यात कपडा आटू द्यायचा, याला अर्थ नाही.

7. ट्रायल: सळ वाचायला शिका

पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून कपडा कच्चा जोडा आणि अंगावर घाला. लगेच टाचण्या लावायला धावू नका. माणसाला दोन पावलं चालू द्या, बसू द्या, हात पुढे करू द्या, मग बघा.

सैल सळ आडवे पडले असतील तर तिथे लांबी जास्त आहे. सैल सळ उभे असतील तर रुंदी जास्त. कपडा ताणलेला दिसत असेल तर ताणाच्या रेघा कुठून निघतात ते बघा, जिथून निघतात तिथे कपडा कमी आहे. सैल आणि ताणलेला यांतला फरक बोटाने कळतो: सळ चिमटीत सहज उचलता आला तर जास्त, नाही आला तर कमी.

सापळा: अर्धा इंच उंचीचा चिमटा घेतलात तर कपडा एक इंच गेला. टाचणी लावलेली घडी सोडून सपाट मोजा, मगच वहीत लिहा. दुसरा सापळा: एकाच ट्रायलमध्ये चार ठिकाणी चिमटे. वरचा एक दुरुस्त करा आणि खालचे परत बघा, अनेकदा दोन गायब झालेले असतात.

लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी दुकानात ट्रायलला वेळ नसतो. नजरेने फर्मा बदलायचे पहिले प्रयोग त्या दिवसांत करू नका. जून-जुलै बरा, पावसात गिऱ्हाईक कमी आणि मास्टरही शिकवायला मोकळा असतो. घरच्या माणसांवर सुरुवात करा: वडील, काका, शेजारचे आजोबा. प्रत्येकाची पाठ वेगळी मिळते आणि कपडा मांजरपाटाचाच असतो.

8. बदल परत कागदावर

ट्रायलला जे बदललं ते कपड्यावर करून थांबू नका, त्याच दिवशी फर्म्यावर उतरवा. दुसऱ्या दिवशी टाचण्या निघालेल्या असतात आणि खडू पुसलेला असतो. फर्म्याच्या पाठीवर वहीतला नंबर, महिना-साल आणि तुमच्या खुणा लिहा. कापलेला फर्मा घडी न घालता भोक पाडून टांगा, घडीच्या जागी कागद फाटतो आणि दोन सूत कुठे गेले ते कळत नाही.

तोच माणूस पुढच्या वर्षी आला तर पोट, कंबर आणि सीट परत मोजा. खांद्याचा उतार सहसा तोच असतो, पण पाठीचं आणि पुढचं ही जादाची दोन मापं एकदा लावून बघा. फर्म्यावर जुनी रेघ खोडू नका, नवी रंगीत पेन्सिलने शेजारी मारा.